बिल्ल्याखालची रेघ

३ फेब्रुवारी

झालं एकदाचं! ताईच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलला. जुना जळलाच होता, खोलीभर वास. ती दुकानात द्यायला निघाली होती, मीच अडवलं. घरचा भाऊ असताना दुकान कशाला? भाऊजी हळूच म्हणाले, "दुकान बिघडलं तर दुसरं दुकान मिळतं. भाऊ कुठून आणायचा?" सगळे हसलो.

नव्या बोर्डावर मेमरीच्या चार पट्ट्यांची जागा आहे. ताईच्या दोन होत्या. माझ्या जुन्या मशीनच्या दोन घरी पडून होत्या, त्याही बसवल्या. मेमरी दुप्पट आणि फुकटात! ती भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइनं काढते. मोठी फाइल उघडायची म्हटलं की कॉम्प्युटर रडकुंडीला यायचा. आता पळेल.

चारही बसवल्या आणि घोडं अडलं. पडदा काळा तो काळाच. पट्ट्यांच्या जागा बदलल्या, काढल्या, फुंकर मारून परत बसवल्या. मग सेटिंगमध्ये शिरून मेमरीचा वेग आणि व्होल्टेज कमी-जास्त करत बसलो. शेवटी चालू झाला! ताईने टाळ्या वाजवल्या. मला कोण आनंद.

४ फेब्रुवारी

काल एक लिहायचं टाळलं. निघण्याआधी मेमरीची चाचणी लावली होती. जरा वेळाने पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. लाल ओळ म्हणजे मेमरीत ठेवलं एक आणि परत मिळालं भलतंच. ताईने विचारलं, "लाल काय रे ते?" मी चाचणी बंद केली. म्हणालो, "असतंच ते तसं."

का म्हणालो? टाळ्या वाजून झाल्या होत्या म्हणून. पानं वाढली होती. पुन्हा सगळं खोलायचं म्हणजे भाऊजींचा विनोद खरा ठरवायचा.

९ फेब्रुवारी

ताईचा फोन. काम करता करता कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. "काम जड असेल," म्हणालो. उंटावरून शेळ्या हाकतोय.

१८ फेब्रुवारी

गणवेशवाल्याने ताईने मशीनवर भरून दिलेले शाळेचे बिल्ले परत पाठवले. सगळेच्या सगळे. बिल्ल्यावर शाळेचं नाव, त्याखाली एक सरळ रेघ. ती रेघ मधेच पोट सुटल्यासारखी खाली आलेली. एकेका बिल्ल्यावर तशीच. माणूस भला आहे, ओरडला नाही. "तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं," एवढंच म्हणाला. पुढच्या कामाचं मात्र बोलला नाही.

ताई सरळ रेघेसाठी कॉम्प्युटरची मदत घेत नाही. सोय आहे, पण ती बंद ठेवते. एकेक बिंदू हाताने टाकते, नजरेच्या अंदाजाने. मशीनने आखलेली रेघ कापडावर मेल्यासारखी दिसते म्हणे. आजवर कुणी नाव ठेवलं नाही तिच्या रेघेला. आज ती बिल्ला खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत होती. "मी काढली तेव्हा सरळच होती रे."

लाल ओळी आठवल्या. उठून चपला घातल्या.

२० फेब्रुवारी

ताईने ठरवून टाकलंय, नजर गेली. हल्ली दाराची चौकटही मधेच हलल्यासारखी वाटते म्हणाली. भाऊजींनी खटपट करून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळवली, सव्वीस तारखेची. तोवर तिने कामाला हात लावायचा नाही असं ठरवलंय. मशीनवर चादर घातली आहे. "हे गेलं तर मी काय करायचं रे? मला दुसरं येतंय काय?"

ही माझी ताई, जी दोन माणसांचं काम एकटी ओढते आणि वर दुसऱ्यांची टिंगल करते. आज हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. "डॉक्टर बघतील की," म्हणालो आणि निघालो. भित्रा आहे मी. नीच आहे.

२२ फेब्रुवारी

"व्हायरस बघतो" अशी थाप मारून ताईकडे गेलो. ती बाजारात गेली होती, बरंच झालं. पट्ट्या आलटून पालटून तपासल्या. तिच्या दोन एकट्या बसवल्या, चाचणी स्वच्छ. माझ्या दोन एकट्या, स्वच्छ. चारही एकत्र आल्या की लाल ओळींचा पूर! दोन जावांसारखं. वेगवेगळ्या घरात दोघी गुणाच्या, एका स्वयंपाकघरात आल्या की भांडी वाजतात.

बोर्ड बनवणाऱ्यांची एक यादी असते, कुठली मेमरी या बोर्डावर चालते त्याची. ती आज पहिल्यांदा वाचली. माझ्या पट्ट्यांचं त्यात नावही नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

बिल्ल्याची फाइलही उघडली. मेमरीने घोळ घातला की फाइल उघडत नाही, नाहीतर टाके सैरावैरा पळतात. इथे बाकी सगळं जागच्या जागी. फक्त ती रेघ, तीही हळूच वाकलेली. विचित्र आहे. पण दुसरं काय असणार? दोष माझाच. त्या लाल ओळी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

२४ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

ताई भाऊजींच्या शर्टाचं बटण लावत होती. मी उभ्या उभ्याच सगळं ओकलो. माझ्या पट्ट्या, चाचणी, लाल ओळी, "असतंच ते तसं". वाटलं होतं, चपलेने मारेल. तिने सुई खाली ठेवली आणि रडायलाच लागली. मग हसायला. "मेल्या, इतके दिवस मला आंधळी करून ठेवलंस!" भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले, "तरी म्हटलं होतं, भाऊ कुठून आणायचा." आणि तेही हसले.

ताईने लगेच मशीनवरची चादर काढली. मग डॉक्टरांचं निघालं. "आता कशाला जायचं? उगाच डोळ्यांत औषधं घालून दिवसभर बसवतात." भाऊजी म्हणाले, वेळ घेतलीच आहे तर जाऊन ये. मध्येच तिने मला विचारलं, "आणि ती चौकट हलते ती?"

"काळजीने होतं गं तसं," म्हणालो. केवढ्या खात्रीने म्हणालो!

दवाखान्याला फोन मीच लावून दिला. तिकडची बाई म्हणाली, ही वेळ सोडलीत तर पुढची लवकर मिळायची नाही. ताई म्हणाली, "नकोच मला. माझ्या भावाचे डोळे तपासा." परत येताना पावलं हलकी पडत होती. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

२५ फेब्रुवारी

यादीतल्याच पट्ट्या मागवल्या. दोन्ही एका जोडीच्या, एकाच पाकिटातल्या. गणवेशवाल्यालाही मीच फोन केला. चूक ताईची नव्हती, कॉम्प्युटरची होती, कॉम्प्युटरची म्हणजे माझी. तो म्हणाला, मग बिल्ले पुन्हा करून द्या, पुढचंही काम तुमचंच. ताईला सांगितलं तर फोनवरच गुणगुणायला लागली.

२८ फेब्रुवारी

नव्या पट्ट्या बसवल्या. या वेळी चाचणी शेवटपर्यंत होऊ दिली. एकही लाल ओळ नाही.

ताई बसली. शाळेचं नाव झालं, मग खालची रेघ. एकेक बिंदू टाकत गेली, मी तिच्या खुर्चीमागे उभा. फाइल अजून सेव्हही केली नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत, तिच्या हाताखाली, रेघ मधेच खाली वाकली आणि परत वर आली.

ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. "बघ," म्हणाली, "आता कशी सरळ आली."