होकायंत्राजवळ लोखंडी वस्तू ठेवू नये

३ एप्रिल, सकाळी ७
नवी वही, नवे निर्धार. एक, साखर बंद. दोन, मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचायचं. तीन, हिच्यावर खेकसायचं नाही.

काम एकच. लॅपटॉपमधल्या नकाशाने वाट सांगायची आणि ऑटोपायलटने त्याप्रमाणे सुकाणू फिरवायचं. सध्या दोघांचं बोलणं बंद आहे. महिनाअखेरीस बोटीने लेकीकडे जायचंय, पलीकडच्या बेटावर, सहा तासांचं पाणी. तिचं पहिलं बाळंतपण. आजवर सुकाणू हीच धरायची, पण उजवा खांदा आखडलाय आणि डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. साखर वाढली की माझ्या डोळ्यांपुढे धूसर होतं, म्हणून माझ्या हाती सुकाणू द्यायला ही तयार नाही. तेव्हा ऑटोपायलट. दोन दिवसांचं काम आहे. ऑफिसातलं झेरॉक्स मशीन बत्तीस वर्षं मीच चालतं ठेवलं होतं.

४ एप्रिल
लॅपटॉप म्हणतो, डेटा पाठवला. ऑटोपायलट म्हणतो, 'नो डेटा'. दोघांतला एक खोटं बोलतोय. माझा संशय ऑटोपायलटवर.
मॅन्युअल: पान तीन. पुढे नुसत्या सूचना आहेत.

७ एप्रिल, दुपारी
केबल बदलली. वायरी उलट लावल्या, मग सुलट. डेटाचा वेग चार वेळा बदलला. हिच्यावर खेकसलो, पण एकदाच.

धक्क्यावरच्या इलेक्ट्रिशियनने विचारलं, यूएसबी दर वेळी त्याच खाचेत घालता ना, नाहीतर पोर्टचा नंबर बदलतो. असल्या बाळबोध प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. तो गेल्यावर खाच बदलली. डेटा आला. मला ते सुचणारच होतं, त्याने उगाच मध्ये तोंड घातलं.

यश साजरं केलं. क्रीमची बिस्किटं, तीन. निर्धार मोडलेला नाही, आजपुरता स्थगित आहे. घरातलं गोड हिने हुडकून हुडकून फेकलं, पण बोटीवर माझा पत्र्याचा डबा सुरक्षित आहे. पुढच्या केबिनमधल्या बाकाखाली, ऑटोपायलटच्या होकायंत्राला अगदी चिकटून. बाकाच्या झाकणावर मी स्वतः पाटी लावली आहे: 'होकायंत्र. लोखंडी वस्तू ठेवू नये. उघडू नये.' ती वाचून ही तिकडे हातही लावत नाही.

९ एप्रिल
काल बंदराबाहेर पहिली चाचणी. बोट वाकडी चालली. जीपीएसप्रमाणे आपण नव्वद अंशांवर, ऑटोपायलटच्या मते एकशे अठरा. म्हणजे आकडा केबलमधून येता येता बिघडतो. परत येताना हिने वीस मिनिटं सुकाणू धरलं. रात्रभर खांदा शेकत होती म्हणे. मी झोपलो होतो.

१२ एप्रिल, सायंकाळी
विलक्षण निरीक्षण. ही खांद्याच्या व्यायामाच्या बाईंकडे गेली होती, म्हणून एकटाच निघालो. मन शांत राहावं म्हणून डबा वर आणून मांडीवर घेतला. अर्धा तास बोट सुतासारखी सरळ. परतताना डबा जागेवर ठेवला (शिस्त), तर पुन्हा वाकडी. निष्कर्ष: संध्याकाळी उपग्रह नीट लागत नाहीत.

१५ एप्रिल
ही बरोबर होती. वाकडी. हिने विचारलं, होकायंत्राजवळ काही ठेवलंय का. मला फार लागलं. पाटी कोणाच्या हस्ताक्षरात आहे? तरी ती झाकण उघडायला निघाली. मी म्हणालो, हात लागला तर सगळं सेटिंग जाईल. हे खोटं नव्हे, अशी शक्यता असतेच. तिने लगेच हात मागे घेतला. आपल्याला त्यातलं कळत नाही, असंही म्हणाली. मला जरा कसंतरी झालं. दोन बिस्किटं.

२२ एप्रिल, सकाळी
लेकीचा फोन. दिवस भरत आलेत, कधीही होईल. ही म्हणाली, आजच निघू. ऑटोपायलट चालेल ना, असंही विचारलं. मी सांगितलं, नव्व्याण्णव टक्के.

२२ एप्रिल, सायंकाळी
पहिल्या तासातच बोट खडकांकडे वळली. त्यानंतर पाच तास सुकाणू हिने धरलं. आधी डाव्या हाताने. लाटा वाढल्यावर दोन्ही. मी केबल बदलत होतो. ही एकदाही काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

२४ एप्रिल, सकाळी
नात झाली. दोघी सुखरूप.

हिला नातीला उचलून घेता आलं नाही. उजवा हात वर येतच नाही. लेकीने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि एका बाजूने स्वतः धरून राहिली. ही हसत होती. मला बघवेना.

बोटीवर आलो. जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून बाकाखालून डबा काढला. लॅपटॉप चालू होता. बोट धक्क्याला घट्ट बांधलेली, तरी दिशेचा आकडा अठ्ठावीस अंशांनी सरकला. डबा ठेवला, आकडा पूर्ववत. काढला, पुन्हा सरकला. अकरा वेळा करून पाहिलं. बिस्किट खावंसं वाटलं नाही.

२४ एप्रिल, दुपारी
दोष सापडला. केबल निर्दोष. लॅपटॉप निर्दोष. ऑटोपायलट निर्दोष. उपग्रहसुद्धा. होकायंत्राजवळ लोखंडी वस्तू. वस्तू माझी.

हिला सांगितलं. आधी पोर्टचा नंबर, डेटाचा वेग, सगळं सांगून झालं, मग डबा पुढे ठेवला. तिने झाकण उघडलं. दोन उरली होती. तिने विचारलं, कधीपासून. सांगितलं. मग ती एवढंच म्हणाली, 'पंधरा तारखेला मी तुम्हाला विचारलं होतं.'

तेवढ्यात नात रडायला लागली. मी उचलायला पुढे झालो. हिने डाव्या हाताने मला अडवलं आणि विचारलं, सकाळी साखर तपासली का, डोळ्यांपुढे धूसर तर नाही ना.

तपासली नव्हती. नातीला जावयाने उचललं.