संदर्भासाठी संपर्क: शास्त्रीबुवा

ती. साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगे गुडघेदुखीमुळे वजा धरावीत.) ताईंची पाठ, तुमचा रक्तदाब आणि नव्या नोकरीतली तुमची खुर्ची, तिघांचेही क्षेम कळवावे. खुर्ची फिरती आहे आणि तिला चाकेही आहेत, असे कळते. गेल्या चार महिन्यांत आमच्या घरी तिचे वर्णन इतक्या वेळा झाले आहे की डोळे बांधले तरी मी तिला ओळखीन.

आमचा छापखाना बंद होऊन सात महिने झाले. तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतला. आता फुकट शोधतो, तर घरात कोणाला त्याची किंमत नाही. नोकरीसाठी रेझ्युमे लागतो म्हणून मीही एक लिहिला. सात पाने. आरंभी गुरुवंदनेचा स्वरचित श्लोक, मग अध्ययन, मग व्यासंग, आणि शेवटी एक शुद्धिपत्र. आत्मश्लाघा हे पातक आहे असे पाठशाळेत शिकलो असल्याने स्वतःच्या गुणांचा उल्लेख मात्र कटाक्षाने टाळला. एकोणीस ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून उत्तर आले: 'अप्रकाशित साहित्य आम्ही स्वीकारत नाही.'

तेव्हा ही म्हणाली, "भाऊजींचं अख्खं आयुष्य एका पानात मावलं. तुमचंच काय एवढं उतू चाललंय?" आणि ताईंनी पाठवलेला तुमचा रेझ्युमे तिने माझ्यापुढे ठेवला. "हा घ्या. मुकाट्यानं ह्याच्यावर तुमचं नाव घाला."

वाचला. खोटे कशाला बोलू, जळलो. 'संघभावनेने काम करण्याची हातोटी.' तुम्ही घर बदललेत तेव्हा लोखंडी कपाट चार मजले मी आणि हमाल चढवत होतो, आणि तुम्ही खालून "जरा डावीकडे" म्हणत होतात. ती ही संघभावना. (पुढच्या ओळीतले 'नेतृत्वगुण' तेही बहुधा हेच.) 'दडपणाखाली शांत' हे मात्र अक्षरशः खरे, दडपण आले की तुम्हाला झोप लागते. लाल शाईने मी अकरा चुका काढल्या. मग ध्यानात आले, की या अकरा चुका फिरत्या खुर्चीत बसल्या आहेत आणि माझी सात निर्दोष पाने पलंगाखाली पडली आहेत. तळाशी होते: 'संदर्भासाठी संपर्क: शास्त्रीबुवा (साडू), भाषेचे गाढे अभ्यासक', आणि पुढे माझा नंबर. बावीस वर्षांत माझे खरे नाव तुम्हाला आठवू नये, याचे वाईट वाटले. तरी 'गाढे' वाचून क्षणभर सुखावलो. (दुसऱ्या क्षणी, तो शब्द तुम्ही अर्धवट तर सोडला नाही ना, अशी शंका आली.)

असो. त्यावर माझे नाव घातले, शिक्षण घातले, छापखाना घातला, अकरा चुका दुरुस्त केल्या आणि शालेय पुस्तके काढणाऱ्या एका संस्थेकडे पाठवून दिला.

गुरुवारी दुपारी फोन. बाईंचा आवाज मोठा अदबशीर. "शास्त्रीबुवा का? तुमच्या साडूंनी आमच्याकडे अर्ज केलाय. संदर्भ म्हणून तुमचा नंबर दिलाय. माणूस कसा आहे कामाला?"

साडूभाऊ, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केले असते? माझ्या मनात एकच आले: चार महिने झाले नाहीत तोच या गृहस्थाला आणखी मोठी खुर्ची हवी! म्हटले, "माणूस वाईट नाही हो, पण..." आणि त्या 'पण'नंतर मी चौदा मिनिटे बोललो. वेळ पाळत नाही. दुसऱ्याचे ऐकत नाही. चूक दाखवली की रुसतो. बायको सांभाळून घेते म्हणून निभावतेय. बाई लिहून घेत होत्या. कागदाची सळसळ ऐकू येत होती, आणि (देवाशप्पथ सांगतो) गोड वाटत होती.

शेवटी त्या म्हणाल्या, "कमाल आहे. मग तीस वर्षं एकाच छापखान्यात मुद्रितं तपासत कसे टिकले?"

तुम्ही तर छापखान्याची पायरीही कधी चढला नाहीत. मी उमेदवाराचे नाव विचारले. त्यांनी वडिलांच्या नावासकट वाचून दाखवले. माझेच. सगळे ऱ्हस्वदीर्घ तपासले, आणि तळाचे शास्त्रीबुवा होते तिथेच बसून राहिले! तो नालायक मनुष्य मीच, हे कोणत्या तोंडाने सांगणार? "फार मोकळेपणानं बोललात, धन्यवाद. सोमवारी त्यांनाच फोन करून बघते," असे म्हणून बाईंनी फोन ठेवला.

वळलो, तर ही दारात. सगळे ऐकलेले. "ते भाऊजींबद्दल होतं होय? मला वाटलं, एकदाचं स्वतःला ओळखलंत."

ताईंना नमस्कार. कळावे.

तुमच्या उत्कर्षाने आनंदित (असे लिहायची रीत आहे),
शास्त्रीबुवा

ता. क. रेझ्युमेच्या माथ्यावर फोन नंबरही तुमचाच राहिला आहे. म्हणजे सोमवारी बाईंचा फोन तुम्हाला येणार. तुमच्याशी बोलून सांगायला जीभ रेटेना, म्हणून हे पत्र हिच्या हाती आजच धाडतो. त्यांना माझा खरा नंबर द्या, आणि माझ्याबद्दल चार शब्द बोला. तुमच्या रेझ्युमेतलेच बोला. मी एकही दुरुस्ती सुचवणार नाही. कपाटाचे बोलणे मागे घेतो. ही नोकरी मला हवी आहे, साडूभाऊ. सात पानांत हे एवढे एकच वाक्य लिहायचे राहिले होते.

आणखी एक. तुमचे बोलणे ऐकून ती जागा त्यांनी तुम्हालाच देऊ केली (तुमच्या बाबतीत काही नेम नाही), तर मी घरच्या घरी जळेन, तुम्हाला कळूही देणार नाही. फक्त संदर्भासाठी माझा नंबर देऊ नका. त्या बाईंशी माझे एकदा सविस्तर बोलणे झाले आहे.