काचेमागचं समाधानी गिऱ्हाईक

३ जून
सेमिनारवाल्या सरांनी डोळे उघडले. गिऱ्हाईक स्वतःच्या डोक्यानं काही घेत नाही, दुसऱ्याला वापरताना बघून घेतं. म्हणजे माझ्या गाद्या वाईट नाहीत, फक्त त्यांवर सुखावलेला माणूस दिसायला हवा. माणूस घरातच आहे. सासरेबुवा. रिटायर्ड, आमच्याकडेच राहतात, नाहीतरी दिवसभर पडूनच असतात. उद्यापासून दुकानाच्या शोकेसमध्ये पडतील.

४ जून
बायको म्हणाली, बाबांची कंबर नाजूक आहे, फार तर तासभर. मी हो म्हटलं. धंद्यात तास थोडा लांबतो.

५ जून, दुपारी
सासरेबुवा कुशीवर वळताना हसत नाहीत. ट्रेनिंग दिलं. वळायचं, हसायचं, डोळे मिटायचे. त्यांचा चहा बंद केला. चहा झाला की सारखे उठतात आणि लोकांना रिकामी गादी दिसते.

९ जून
जमलं. एक जोडपं काचेशी थांबलं, त्यांना बघून आणखी थांबले. गाद्या खपल्या. सासरेबुवा कण्हत होते. दुकानात आलेल्यांना मी सांगितलं, गाढ झोपेत माणूस असाच आवाज काढतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरच्या गादीवाल्याचा नुसता जळफळाट.

१२ जून
सासरेबुवांना उठताच येईना. मी प्रसंगावधान राखून गर्दीला म्हटलं, गादी सोडवतच नाही त्यांना. लोक हसले. तेवढ्यात बायको आली. तिला बघून सासरेबुवा ट्रेनिंगप्रमाणे हसले. तिला रडू फुटलं. चौघांनी उचलून त्यांना अँब्युलन्समध्ये घातलं.
जाताना ती म्हणाली, "मला तुमच्याकडे नीट नांदता यावं म्हणून बाबा हसत होते. आता त्याची गरज नाही."
रागात आहे. येईल दोन दिवसांत.

१५ जून
आली नाही. वडिलांना घेऊन भावाकडे गेलीय. एकानं गादी परत आणली. त्याला बघून दुसऱ्यानं. मग रांगच लागली. सरांचा अभ्यास दांडगा.

१६ जून, सकाळी
आता स्वतःच झोपतो. मालकाचा विश्वास दिसला पाहिजे.

१६ जून, संध्याकाळी
पडूनच लिहितोय. कंबर धरलीय. गादीचा संबंध नाही, माझी झोपायची पद्धत चुकली. उठता येत नाही. फोन गल्ल्यावर राहिला. ओरडलो तर काचेबाहेर ऐकू जात नाही. एक बाई थांबली. मदतीसाठी हात हलवला, तर तिनंही हलवला. तिला बघून मागच्यांनी. आता फुटपाथभर लोक हसत हात हलवताहेत. एकानं आत पाऊल टाकलं तर सगळे येतील. पण सगळे एकमेकांकडेच बघताहेत.