थॉर्नबीच्या घंटा

थॉर्नबी हॉल, यॉर्कशायर
९ मार्च १९२६

प्रिय लायोनेल,

अनेक आशीर्वाद. लंडनच्या धुक्यात तुझा खोकला वाढला नाही ना? इथे अजून बर्फ आहे, आणि स्वयंपाकीण मटणात मीठ घालायचं विसरते आहे.

आपला ह्यूबर्ट गेला आणि त्याच्या बायकोने, मेरियनने, दिवस गेल्याचं सांगितलं, तेव्हापासून या घराला लॉर्ड नव्हता. मुलगा झाला तर तो, नाही तर तू. तू स्वतः इथे येऊन बसणं बरं दिसेना, म्हणून मोठ्या बहिणीला पहाऱ्यावर बसवलंस. ‘बिस्किटवाल्याची पोर ती, पोटाला उशी बांधून फिरायलाही कमी करायची नाही,’ असं म्हणालास. मलाही ते पटलं. मला ती आवडतच नव्हती.

माझ्यादेखत तिने कधी शाल काढली नाही. डॉक्टर माहेरचा, दाई माहेरची, खोलीला आतून कडी. गेल्या आठवड्यात धुलाईची म्हणून एक भलीमोठी टोपली मागच्या दाराने आली. मी ती तिथेच उघडायला लावली. आत चादरीच निघाल्या. मेरियन जिन्यावरून बघत होती.

“पोर शोधताय का, वन्सं?” ती म्हणाली. “मग खोलीतच येऊन बसा ना. आणि दाई माहेरची का आणली, तेही विचारा. भावोजींनी पाठवलेल्या दाईच्या हातून माझं मूल जगलं असतं का?”

 ती तुला एवढी घाबरते हे मला ठाऊक नव्हतं.

काल दुपारी मी तिच्या उशाशीच होते. उशीबिशी काही नव्हती, लायोनेल. मूल रडलं, पण दाई काही बोलेना.

“अहो, काय झालं ते सांगा तरी!” मेरियन ओरडली.

मुलगी झाली. लॉर्ड तू झालास. मला आनंद व्हायला हवा होता.

चर्चमध्ये माणसं दोर धरून उभीच होती. मुलगा झाला तर घंटा वाजवायच्या, मुलगी झाली तर बिअर पिऊन घरी जायचं. माझ्या वेळी ती बिअर पिऊन गेली. तुझ्या वेळी मी खिडकीत उभी राहून दुपारभर घंटा ऐकल्या. घर, जमीन, नाव सगळं मला ओलांडून ह्यूबर्टकडे गेलं, आता तुझ्याकडे, आणि मी कायम तुमची राखणदार. याचा मला फार राग येतो. आजवर कुणाला बोलले नाही.

मी शाल घेतली आणि चर्चमध्ये गेले.

“ओढा दोर,” मी म्हणाले.

“पण बाईसाहेब, मुलगी झाली म्हणतात,” म्हातारा पिकर्सगिल चाचरला. “मुलीला कधी वाजवल्या नाहीत आम्ही.”

“मुलगीच झाली. ओढा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

अंधार पडेपर्यंत वाजल्या. मेरियन ऐकत होती आणि रडत होती.

कारभारी तुला हे कळवेलच. मुलगा झाला आणि आम्ही दोघी लपवतो आहोत, असा संशय तुला येईल. तुझा स्वभाव मला माहीत आहे. खुशाल येऊन बघ. घर तुझं आहे, दार मी उघडीन. पण मूल तुझ्या हातात देणार नाही.

लॉर्ड थॉर्नबींना माझा नमस्कार.

तुम्हा सगळ्यांच्या आधी जन्मलेली,
ऑगस्टा