बागेतली सरळ वाट

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. काकांना वेगळा नमस्कार. तुझ्यातलाच अर्धा काढून देऊ नकोस.

सोबत आमच्या उद्याने व क्रीडा विभागाचं वार्तापत्र पाठवतेय. सगळा मजकूर मी लिहिलाय, साहेबांनी फक्त स्वल्पविराम घातले. पोहण्याच्या तलावाच्या फरशा बदलून झाल्या. शाळेमागच्या मैदानावर बास्केटबॉलचे खांब उभे राहिले. झाडांची मोजणीही संपली, पण एका झाडावर दोघांनी दोन वेगळे क्रमांक रंगवले, त्यामुळे कागदोपत्री आमच्याकडे एक झाड जास्त आहे.

खरी बातमी चौथ्या पानावर आहे. तुमच्या घरासमोरची बाग नव्याने करायची ठरलीय आणि नकाशा माझा आहे. नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम. कुंपणालगतची ती रटाळ सरळ वाट काढून टाकायची, मधून वळणं घेत जाणारी वाट करायची, प्रत्येक वळणावर फुलांचा वाफा. लोखंडी कठडाही काढतोय, फार गंजलाय. नागरिकांनी महिन्याभरात आपलं म्हणणं कळवायचं आहे. तू नुसतं कौतुक कळव, तेवढं पुरे.

आई बरी आहे. तुझ्या हातचा निळा झगा अजून मोठ्या कार्यक्रमासाठी जपून ठेवते आणि मोठा कार्यक्रम कुठला ते ठरवत नाही. प्रेम आहे तसंच राहू दे, नकाशा आवडला तर थोडं वाढव.

तुझी,
खारू

११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद, आणि दोन धपाटे राखून ठेवलेत.

वार्तापत्र मिळालं. मी नकाशा जमिनीवर पसरला, जसा बेतायचा कागद पसरते तसा, आणि गुडघे टेकून नीट पाहिला. हात चांगला आहे तुझा. पण बाई, इतकी वळणं कशाला? कापड भरपूर आहे म्हणून कुणी झग्याला बारा चुण्या घालत नाही. ती सरळ वाट कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. राहू दे ना तिला. कठडाही राहू दे. गंज खरवडून रंग दिला की झालं.

इथे सगळं ठीक. माझ्याकडे शिवण शिकायला पाच मुली येतात. त्यातली एक उजव्या बाहीच्या जागी डावी बाही अशा आत्मविश्वासाने जोडते की तिला उसवायला सांगताना माझीच जीभ अडखळते. तुझे काका मजेत आहेत. पेपर बंद केलाय. बातम्यांचा कंटाळा आला म्हणतात. रोज सकाळी बागेत फेऱ्या मारतात, तेवढं एक नेमाने चालू आहे.

वळणांचं मनावर घे. माझी माया काही नकाशावर अवलंबून नाही, ती आहेच.

तुझी,
मावशी

२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
नमस्कार. आज जरा वाकून कमी आणि तोंड वाकडं करून जास्त.

काल साहेबांनी मला बोलावून एक कागद पुढे केला. तुमच्या बागेच्या कामावर लेखी हरकत. अक्षर पाहताच ओळखलं. हरकत घेणाऱ्याशी काही नातं आहे का, असं त्यांनी विचारलं. माझी सख्खी मावशी आहे, असं सांगताना माझे कान लाल झाले. ऑफिसभर दिवसभर हशा. मला चिडवलं त्याचं काही नाही. पण तू मला एवढं लिहून वर विभागालाही लिहिलंस, याचं वाईट वाटलं.

आणि हरकतीत कारणच नाही. वाट सरळ हवी, कठडा हवा, बस्स. तू कारणाशिवाय हट्ट धरणारी नाहीस. मग मला दुसरंच काही आठवायला लागलं. आईच्या साठीला मी काकांसमोर येऊन उभी राहिले, हसले, आणि ते माझ्याकडे बघत गप्प राहिले. मी बोलल्यावर मग त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं होतं, रागावलेत. मावशी, काय आहे ते सांग. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहितेय.

तुझी रुसलेली, पण तुझीच,
खारू

२८ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

फोनवर मी काय बोलणार? दोन खोल्यांचं घर, इकडे कुजबुजलं तरी तिकडे ऐकू जातं. आणि आता तर यांचे कान फारच तिखट झालेत.

तुझ्या काकांना दिसत नाही. अगदी अंधार नाही, पण कडेने आत येत येत आता मधे नाण्याएवढं धूसर उरलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं की यावर इलाज नाही, जे आहे ते जपायचं. मी पेपर वाचून दाखवते म्हटलं तर पेपरच बंद केला. कुणाला सांगायचं नाही असं मला बजावलंय, तुझ्या आईलासुद्धा.

कारण विचारशील. एकतीस वर्षं त्यांनी या गावातली बस चालवली. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत सोडलंय. लोक म्हणतील, मग हा माणूस आम्हाला डोळे झाकून फिरवत होता की काय. तेवढं एक त्यांना सहन होणार नाही.

ती वाट म्हणजे त्यांची राहिलेली शेवटची एकट्याची जागा आहे. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला कठडा, तीनशे दहा पावलं, मग नळ, तिथून परत. तेवढा वेळ कुणी त्यांचा दंड धरत नाही. तुझ्या वळणांवर ते माझ्याशिवाय जाऊ शकणार नाहीत, आणि माझ्याबरोबर ते जाणार नाहीत. मग घरातच बसतील. बसलेला माणूस कसा होतो ते मी माझ्या वडिलांचं पाहिलंय.

तुझं पहिलं काम आहे हे मला कळतं गं. म्हणूनच तुला खरं लिहवेना. रुसवा सोड.

तुझी,
मावशी

९ मार्च

ती. मावशीस,
नमस्कार, आणि माझी चूक पदरात घे.

मंगळवारी सकाळी मी तुमच्या बागेत आले होते. घरी आले नाही, त्याबद्दल भेटल्यावर बोल. काका आले तेव्हा मी नळाजवळ उभी होते. त्यांचा हात कठड्याच्या वर चार बोटं होता, टेकलेला नव्हता. जिथे जोड येतो तिथे फक्त दोन बोटं लावायचे. मधे कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती. ते थांबले, चाचपून पाहिलं, सायकल कुंपणाकडे नीट सरकवून ठेवली आणि पुढे निघाले. माझ्यापासून हातभर अंतरावरून जाताना त्यांनी अंदाजाने मान डोलावली, कुणालाही डोलावतात तशी. मी तोंडातून शब्द काढला नाही. इतकं ओशाळं मला कधी वाटलं नव्हतं.

नकाशा मी बदललाय. कुंपणालगतची वाट सरळच, कठडा नवा, पायाला कळेल अशी खरबरीत पट्टी कडेने, आणि वळणं हवीत त्यांच्यासाठी मधला भाग. साहेबांना दाखवला. त्यांनी नीट पाहिला आणि विचारलं, अशी मागणी कुणी केलीय का? मी म्हटलं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. ते म्हणाले, त्या भागातून तशी एकही नोंद नाही, आणि जाहीर झालेला नकाशा माझ्या मनात आलं म्हणून बदलता येत नाही. एकवीस तारखेला तुमच्या वाचनालयात नागरिकांची बैठक आहे, तिथे कुणीतरी उभं राहून मागायला हवं. माझी मावशीच हरकतदार असल्यामुळे त्या बैठकीला मला यायची मनाई आहे.

मी तुझा शब्द मोडणार नाही. काकांना काही सांगायचं की नाही, ते तूच ठरव.

तुझी,
खारू

२३ मार्च

चि. खारूस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. सगळं, सायकलीसकट. ऐकून झाल्यावर यांनी एवढंच विचारलं, पोरगी तिथे किती वेळ उभी होती. माझ्यावर रागावले नाहीत, पण दोन दिवस घरात माझ्याशी कामापुरतंच बोलले. बैठकीला येणार का, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट मागितला तेव्हा कळलं.

तुझे साहेब सभ्य आहेत. नकाशा भिंतीवर लावून सगळं समजावून सांगितलं. टाळ्यासुद्धा पडल्या. वळणं लोकांना आवडली, हे तुला कळायला हवं. मग हे उठले. नकाशा आपल्याला दिसत नाही, म्हणाले, तेव्हा आपण तो न पाहताच बोलणार. एकतीस वर्षं गावाला वळणांवरून नेलं, आता आपल्याला एक सरळ रस्ता हवाय. लोक हसले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की हे थट्टा करत नाहीयेत, आणि हसणं थांबलं.

जे व्हायचं ते झालंच. औषधाच्या दुकानवाल्याने विचारलं, वाईट मनाने नाही, पण विचारलं, की बस चालवताना तुम्हाला दिसत होतं ना? यांनी सरळ सांगितलं. एका सकाळी डाव्या बाजूने रस्ता ओलांडणारी एक बाई त्यांना उशिरा दिसली. गाडी वेळेवर थांबली, बाईला काही झालं नाही. पण त्यांनी ती फेरी तिथेच संपवली, उतारूंना दुसऱ्या गाडीत बसवलं, आगारात किल्ली दिली आणि पुन्हा चालकाच्या जागेवर बसले नाहीत.

खारू, नोकरी निवृत्तीच्या चार वर्षं आधी का सोडली, हे मला यांनी कधी सांगितलं नव्हतं. कंटाळा आला एवढंच म्हणाले होते. त्या कंटाळ्यावरून मी किती महिने भांडले, तुला माहीत आहे. ते कारण मला शंभर लोकांबरोबर त्या वाचनालयात कळलं.

मग मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्या जन्मापासून पाहू शकत नाहीत. कोपऱ्यावरच राहतात आणि वाट सापडत नाही म्हणून कधी बागेत आलेल्या नाहीत. माझंही नाव या मागणीत लिहा, म्हणाल्या. तुझ्या साहेबांनी दोन्ही नावं लिहून घेतली आणि पिशवीतून तुझा दुसरा नकाशा काढला. बरोबर घेऊनच आले होते.

परतताना यांनी माझा दंड धरला. आपणहून. मी कंटाळ्याबद्दल माफी मागणार होते, पण रस्ताभर जमलं नाही. घरी आल्यावर मागितली.

तुझी,
मावशी

१४ ऑगस्ट

चि. खारूस,
आशीर्वाद.

पुठ्ठ्याला खाच पाडून तिच्या आधाराने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या तर तूच सोडव. मावशीला लिहून दे म्हटलं असतं तर तिने आपलं चार ओळींचं भरतकाम घातलं असतं.

वाट चांगली झालीय. खरबरीत पट्टी बुटातूनही कळते. नळाजवळ कठडा दोन बोटं खाली आहे, तेवढं बघ. आता न दिसणारे आम्ही चौघं तिथे चालतो. त्या कोपऱ्यावरच्या बाई मला काठी शिकवतात आणि शिस्तीला फार कडक आहेत. काठी दांडपट्ट्यासारखी फिरवू नका, असं त्यांनी मला सर्वांदेखत सुनावलं. गेल्या आठवड्यात त्यांनी मला फाटकाबाहेर काढलं, काल बसथांब्यापर्यंत नेलं. तिथे मी बराच वेळ उभा राहिलो आणि गाड्यांचे आवाज ऐकले. इंजिनांची देखभाल नीट होत नाहीये.

तर असं की, गुरुवारी साडेदहाच्या बसने मी तुझ्याकडे येतोय. एकटा. मावशीला सांगितलंय, ती सकाळपासून माझ्या शर्टाची बटणं घट्ट करत बसलीय. तू स्टँडवर ये. मला तुझा चेहरा दिसणार नाही, तेव्हा नुसती हसत समोर उभी राहू नकोस. हाक मार.

तुझे,
काका