देणारीनं विचारू नये

सोलापूर, १२ मार्च १९७६

तीर्थरूप आईस,
सिंधूचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. ऊन फार चढलंय, पण ज्वारीची भाकरी आता मानवली. आपला फणस धरला का यंदा?

इथल्या नर्सना मी संशोधन शिकवते. औषधाचा गुण आला का, हे घरोघर कसं विचारायचं, ते. मंद्रूपच्या नर्सनं स्वतः दिलेल्या औषधाबद्दल विचारलं, तर सगळ्या बाया म्हणाल्या, "व्हय बाई, लई गुण आला की!" समोरच्या बाईचं मन कोण मोडणार? मग मी तिला होटगीला पाठवलं आणि होटगीच्या नर्सला मंद्रूपला. तेव्हा कळलं, निम्म्या पोरांची हगवण थांबलीच नव्हती.

मोठे डॉक्टर चिडलेत. पहिलेच आकडे पाठवा म्हणतात. नर्स घाबरल्यात, मी नाही. दुसरेच आकडे जातील आणि खाली माझी सही असेल. बदली झाली तर होईल. तू काळजी करू नकोस.

तुझ्या गुडघ्याचं विचारलं की तू दर वेळी "बरा आहे" एवढंच लिहितेस. म्हणून या खेपेला तुला विचारतच नाही. शेजारच्या यशोदावहिनींना वेगळं कार्ड टाकलंय.

तुझी,
सिंधू