बारा मार्चचं पान

गुरुवार, १२ मार्च

पेशंट एकेचाळीस. निम्मे खोकला-सर्दीचे, उरलेले टीव्ही बघून घाबरलेले. एकाने विचारलं, तो करोना कोंबडी खाऊन होतो का? नाही म्हटलं. मग मासे? त्यालाही नाही म्हटलं, तर जरा निराशच झाला.

दवाखाना बंद करून तसाच परबकडे, गुरुवारच्या भजनाला. चाळीतली दहा बाय बाराची खोली, आम्ही नऊजण, गुडघ्याला गुडघा लावून. पेटीवर बाबी परब. मिल बंद पडून पंचवीस वर्षं झाली, याचा आवाज अजून भोंग्याचा. शेजारच्या पोरीचे दहावीचे पेपर चालू आहेत, म्हणून दार-खिडक्या लावून घ्या असं मीच म्हटलं. लगेच लावल्या. डॉक्टरचं ऐकतात सगळे. गावकर शिमग्याला गावी गेलेला, तो आज सकाळीच परत आला. येताना गोड खाजं आणलं. मी झांज घेऊन परबच्या उजव्या हाताला. गजर दणक्यात झाला.

घसा खवखवतोय, सकाळपासूनच. दिवसभर बडबड करून दुसरं काय होणार.

शनिवार, १४ मार्च

अंग मोडून आलंय. थर्मामीटर लावला नाही. लावला की ताप असतो. पॅरासिटामॉल घेऊन दवाखान्यात गेलो. आपण बंद ठेवला तर लोक जाणार कुठे, हे स्वतःला सांगायला बरं वाटतं.

सुनंदावर उगाच ओरडलो. पंधरा वर्षं केसपेपर काढते, चार वाजता चहा करते बिचारी. चहात आलं नव्हतं म्हणून. ती म्हणे घातलंय, रोजच्यापेक्षा जास्तच ठेचलंय. गाळणीतला चोथा आणून दाखवला. म्हटलं, मग आलंच जुनं असेल. माघार घ्यायची नाही हा आमचा घराण्याचा गुण.

मंगळवार, १७ मार्च

गावकर आला. ता. १०१, खो. कोरडा, अंगदुखी. विमानतळावर सफाईच्या कामाला आहे, त्यामुळे तोच जास्त धास्तावलेला. हेल्पलाइनला मी स्वतः फोन लावला. पेशंट परदेशातून आलाय का? नाही. कामावर कुणाच्या संपर्कात? गावकर म्हणाला, दहा दिवस कामावरच नव्हतो, गावाला होतो. मग तपासणी नाही, घरीच वेगळं ठेवा. एका खोलीत पाचजण राहतात.

मला आता बरं आहे. थकवा. जेवण कागद चावल्यासारखं लागतं. मालतीला तसं म्हटलं नाही, तिला स्वयंपाकावरची टीका वाटेल.

गुरुवार, १९ मार्च

भजन बंद. गर्दी करू नका म्हणून वरून हुकूम आहे. तशीही गर्दी झाली नसती. परबला कालपासून ताप, भजनातल्याच तांडेलला परवापासून. आणखी दोघांच्या घरून फोन. वहिनींना (परबची बायको) म्हटलं, त्याला बोलू देऊ नका. त्या म्हणाल्या, ह्येंका गप बसवूचा औषध आसा तर आधी माका द्या.

रविवार, २२ मार्च

बाहेर कुणी नाही. संध्याकाळी पाच वाजता अख्खी चाळ गॅलरीत थाळ्या वाजवत होती म्हणे. सहावा दिवस चालू असलेला गावकर पण वाजवत होता, दारातून. त्याचा ताप उतरला.

परबचा उतरत नाही.

बुधवार, २५ मार्च. पाडवा

सगळंच बंद. स्कूटर दोनदा अडवली, गळ्यातला स्टेथोस्कोप दाखवून सुटलो.

परब उशांना टेकून बसलेला. ताप कमी, चेहरा चांगला, तोंड चालू. वहिनींनी पाडव्याचा कडुलिंब दिला होता, तो चावत म्हणाला, "डॉक्टर, ह्यो पालो गोड पण नाय नि कडू पण नाय. झाडच खोटां रे." मी हसलो. बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८४.

एवढा हसताबोलता माणूस, ८४ कसा असेल? मशीनचे सेल गेले असतील म्हणून टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. माझ्या बोटाला, ९७. पुन्हा त्याच्या, ८४. दुसऱ्या हाताला, ८३. मग श्वास मोजले. मिनिटाला बत्तीस. बोलता बोलता घेत होता, म्हणून लक्षातच आलं नाही. छत्तीस वर्षं माणसाच्या तोंडाकडे बघून औषध दिलं, आज तोंडानेच फसवलं.

अॅम्ब्युलन्सला तीन तास. पायऱ्या चालत उतरला तो. मी उतरू दिला. खुर्चीत बसवून न्यायला हवा होता.

घरी आलो. मालतीने गुळातल्या कडुलिंबाची गोळी हातावर ठेवली. कडूजहर लागली. म्हणजे चव झाडाची नाही, परबची गेली होती. सुनंदाचा तो चोथा आठवला.

वही मागे उलटली. चौदा तारीख. मग बारा.

शनिवार, २८ मार्च

परब पॉझिटिव्ह. ऑक्सिजनवर, पालथा झोपवलाय. चाळीला बांबू बांधले. मी त्याला तपासलं, म्हणून हातावर शिक्का आणि चौदा दिवस घरात. माझाही स्वॅब घेतला. निगेटिव्ह.

सगळ्यांचे फोन, डॉक्टर तुम्ही सुटलात. सोळा दिवसांनी घशात काय सापडणार होतं?

मंगळवार, ३१ मार्च

प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर परबची खोली काढली. कोण कुठे बसलं होतं. नऊजण, त्यातले सहा आजारी. माझ्यासकट सात. कोरे राहिलेले दोघेही दाराच्या फटीजवळ. चाळीतल्या इतर कुठल्याच खोलीत तेव्हा काही नव्हतं, ना संडासाच्या बाजूला, ना नळाच्या. डॉक्टरांच्या ग्रुपवर लिहितायत की शिंकायलाच पाहिजे असं नाही, मोठ्याने बोलल्या-गायल्यानेही पसरत असावा, आणि बंद खोलीत जास्त. असावा. अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. त्या दिवशी घसा धरलेला नऊमध्ये एकच, आणि खिडक्या लावायला सांगणाराही तोच.

मला कुणाकडून आला? एकेचाळीसातला कुणीही. त्याआधीच्या दिवशीचे अडतीस.

मालतीला वही वाचायला दिली. तिने चष्मा पुसून दोन्ही पानं वाचली. तिलाही त्या आठवड्यात कणकण होती, ते आत्ता बोलली. मी विचारलं, परबला सांगू? म्हणाली, "तुमचं मन हलकं होईल. त्यांचं काय होईल ते बघा आधी."

खरं आहे. पुन्हा वाटतं, सोयीचं पण आहे.

शुक्रवार, ३ एप्रिल

परबला आयसीयूत हलवलं. भेटता येत नाही. ओळखीच्या रेसिडेंट डॉक्टरचा रोज एकच मेसेज, सेम सर. या दोन शब्दांची मी सकाळपासून वाट बघतो. पोरगी स्वतः बारा-बारा तास त्या प्लॅस्टिकच्या कपड्यात असते, तिला जास्त विचारवत नाही.

तांडेल आणि बाकीचे बरे होताहेत. मी मेलो तर निदान हिशेब चुकता होईल, असं आज आंघोळ करताना वाटलं. ६४ वय, हे असले विचार. आंघोळ करून पोहे खाल्ले.

गुरुवार, ९ एप्रिल

शिक्क्याची मुदत संपली. गावकरचा फोन. आवाज खाली. चाळीत सगळे म्हणतात, यानेच विमानतळावरून आणला. बायकोला नळावर शेवटचा नंबर. दुधाची पिशवी जिन्यातच टाकून जातात. दारावर खडूने फुली मारलीय, पुसली की परत येते.

"डॉक्टर, मी दहा दिवस शिमग्यात होतो. तुम्हाला माहितीये. तुम्ही एकदा सांगा ना त्यांना, तुमचं ऐकतील."

सांगतो म्हटलं. चाळीच्या सेक्रेटरीला फोन केला, म्हटलं आजार कुणाकडूनही येतो, कुणा एकाला धरू नका. तो हो हो म्हणाला. मी भाषण केलं, साक्ष दिली नाही. ठेवल्यावर कळलं.

शनिवार, १८ एप्रिल

परब घरी आला. चोवीस दिवस. सतरा किलो कमी. गॅलरीतून खोलीपर्यंत दोनदा टेकला म्हणे. फोनवर त्याने 'डॉक्टर' एवढंच म्हटलं आणि दम लागला. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी.

मग वहिनी आल्या फोनवर. रडल्या थोड्या. तुमी वेळेवर मशीन लावलास म्हणान आज माझा कुंकू आसा, म्हणाल्या. मी वहिनी-वहिनी करत राहिलो. आणि शेवटी हळूच विचारलं त्यांनी, "ह्यां कोणाकडसून इलां असतलां ओ, डॉक्टरानू? त्या गावकाराकडसूनच ना?"

म्हटलं, लाइन नीट येत नाही. ठेवून दिला.

अशी लाज फार वर्षांत वाटली नव्हती.

सोमवार, २७ एप्रिल

दवाखाना उघडला. टेबलासमोर प्लॅस्टिकचा पडदा, दोन्ही खिडक्या सताड, पंखा बाहेर तोंड करून. सुनंदा आली, तोंडाला दोन रुमाल. घराबाहेर पहिल्यांदा तिला सांगितलं. त्या दिवशी चहात आलं होतं. म्हणाली, तेवढं मला माहीत होतं, डॉक्टर. पुढचंही सांगितलं. ती केसपेपर लावत बसली. मग म्हणाली, गावकरीण काल बांबूखालून निघून भायखळ्याच्या बाजारात भाजी आणायला चालत गेली, इथला भाजीवाला देत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी. ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल वापरली.

बुधवार, ६ मे

काल चाळीचे बांबू निघाले. मालतीला म्हटलं, उद्या जातो. तिने वहीला खाकी कव्हर घालून दिलं, तिकडे सॅनिटायझर मारतील, शाई पसरेल म्हणून. तिची परवानगी देण्याची ही तऱ्हा आहे.

तोंडी सांगणार होतो. पण तोंडी सांगताना मी डॉक्टर होणार, समजावणार, 'शक्यता' वगैरे म्हणणार. त्यापेक्षा बारा तारखेचं पानच दाखवावं. ते लिहिताना मला काही ठाऊक नव्हतं.

शुक्रवार, ८ मे

हे जुन्या केसपेपरच्या पाठीवर लिहितोय. वही परबकडे राहिली.

काल गुरुवार. परब खिडकीजवळ खाटेवर. दार उघडं, खिडक्या उघड्या, मी दारात स्टुलावर. मांडीवर पेटी घेतलेली त्याने, पण भाता हलवायला डावा हात पुरत नाही. दोन सूर काढले आणि बाजूला ठेवली. म्हणाला, वारो इलो काय वाजवतंय.

गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गावकर उभा होता, आपल्या दारात. पेटी ऐकून बाहेर आला असावा. वहिनींनी त्याला बघितलं आणि आमचं दार अर्धं लोटलं.

मी ते परत उघडलं. वहिनींना म्हटलं, दार लावायला त्या दिवशी मीच सांगितलं होतं, आता लावू नका. त्यांना कळलं नाही. वही काढली, खुणेची सुतळी घातलेलं पान उघडून परबच्या हातात दिली. म्हटलं, हे वाच. आणि चौदा तारखेचं पण. मग गावकरचं काय ते तू ठरव, आणि माझं पण.

परबने वही लांब धरली, जवळ धरली. डोळ्यांपुढे अजून अंधारी येते त्याला. माझ्या तोंडाकडे बघितलं. मी जसा पेशंटकडे बघतो तसा.

"एवढां वाईट लिवलंस काय रे?"

मी म्हटलं, वाच.

"ठेव थंय. सकाळी उजेडात वाचतंय." वही उशीखाली घातली. वहिनी तोवर चहा घेऊन आल्या. आल्याचा. वास दारापर्यंत आला. मी कप हातात घेतला आणि प्यायलो नाही, मास्कचं कारण सांगितलं.

जाताना गावकरपाशी थांबलो. म्हटलं, उद्यापर्यंत थांब. त्याला वाटलं औषधाबद्दल बोलतोय.

आज पेशंट एकोणीस. दुपारचे साडेबारा. सकाळपासून फोन तीनदा वाजला, तिन्ही वेळा पेशंट. परबच्या खिडकीत ऊन नऊलाच येतं.